चेकिंग खात्याला महिना १२ डॉलर! क्रेडिट युनियनकडे वळावं का?

ओसरीवरची

नमस्कार मंडळी. आधी इथल्या अमेरिकी बँकेचं रडगाणं, मग प्रश्न.

लेक सतरा वर्षांचा असताना त्याचं आणि माझं एक जोडखातं काढलं होतं. विद्यार्थी खातं, म्हणून शुल्क नाही. तो शिकला, नोकरीला लागला, दुसऱ्या राज्यात गेला, तिथे त्याने पगारासाठी वेगळं खातं काढलं. हे जुनं खातं तसंच पडून होतं. त्यात ४३.६० डॉलर होते आणि त्याच्या गाण्यांच्या ॲपचे महिन्याला १४.९९ एवढंच काय ते त्यातून जायचं, तेही त्याने मध्यंतरी बंद ठेवलं होतं.

मार्चमध्ये पोरगा २४ चा झाला. बँकेने वाढदिवस लक्षात ठेवला. विद्यार्थी खातं आपोआप साधं चेकिंग, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं खातं, झालं आणि महिन्याला १२ डॉलर 'मेंटेनन्स फी' सुरू झाली. कसला मेंटेनन्स? त्या खात्याला कोणी हातसुद्धा लावत नव्हतं.

तीन महिने १२-१२-१२ गेले. उरले ७.६०. चौथ्या महिन्यात चिरंजीवांनी गाण्यांचं ॲप पुन्हा सुरू केलं, कार्ड तेच जुनं. १४.९९ वजा. खातं ७.३९ ने उणे. त्यावर ओव्हरड्राफ्टचे, म्हणजे बाकीपेक्षा जास्त पैसे गेल्याच्या दंडाचे, ३५. त्यावर चौथा १२. मी स्टेटमेंट उघडलं तेव्हा बाकी होती उणे ५४.३९. चोरावर मोर म्हणतात तसं, आधी बँकेनेच खातं रिकामं केलं आणि मग रिकामं आहे म्हणून दंड ठोकला.

फोन लावला. चाळीस मिनिटं तेच ते संगीत. मग एक गृहस्थ आले. अतिशय गोड बोलले. नोटीस पाठवली होती म्हणाले. शोधली तर खरंच होती: 'आपल्या खात्याविषयी महत्त्वाची माहिती' अशा नावाची ईमेल, सोबत ११ पानांची पीडीएफ, त्यातल्या सातव्या पानावर आमचं मरण. शेवटी ३५ आणि एक १२ असे ४७ परत केले, 'फक्त या वेळेपुरता सद्भाव म्हणून'. माझ्याच पैशातले थोडे मला देताना उपकाराची भाषा. उरलेले ७.३९ मी भरले आणि खातं शून्यावर आणलं. मी इस्पितळात रक्त काढायचं काम करते. रक्त काढणं हाच माझा धंदा आहे, पण निदान सुई टोचायच्या आधी सांगते तरी.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर धागा काढला नसता. पण माझ्या स्वतःच्या खात्याच्या अटीही बदलल्यात. आधी पगार थेट जमा झाला की शुल्क माफ असायचं. आता महिन्याला किमान ५०० जमा व्हायला हवेत, नाहीतर रोज १५०० बाकी. जूनपासून मी लागेल तेव्हाच्या शिफ्ट घेते, एखाद्या महिन्यात ५०० होत नाहीत.

आमच्या इस्पितळाच्या तळघरात, कँटीन आणि धोबीखान्याच्या मधे, एक क्रेडिट युनियन आहे, म्हणजे सभासदांच्या मालकीची बँकेसारखी संस्था. नऊ वर्षं तिच्यासमोरून जाते, कधी आत गेले नाही. सोबतची नर्स म्हणते, पाच डॉलर भर आणि सभासद हो, महिन्याचं शुल्क नाही.

आता माझी खरी अडचण. 'सभासद' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या बाबांनी निवृत्तीचे पैसे तालुक्याच्या एका पतसंस्थेत ठेवले होते. व्याज इतरांपेक्षा दोन टक्के जास्त आणि संचालक सगळे ओळखीचे. ते ओळखीचेच निघाले, फक्त कर्जं घेणाऱ्यांच्या ओळखीचे. एक दिवस शटर खाली. बाबा ते निळं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर्षानुवर्षं तारखांना जात राहिले. मुद्दल अर्धंमुर्धं हाती आलं, व्याजाचं तर नावच नको. दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पिणारच.

तर सांगा: इथलं क्रेडिट युनियन म्हणजे आपली पतसंस्थाच का? बुडालं तर? ओव्हरड्राफ्टचा हा जाच तिथे नसतो का? आणि भारतात पैसे पाठवायचं काय? घरच्या माणसाच्या अनुभवाला आधी मान, जाहिरातींच्या लिंका नकोत.

---

जुना खातेदार

ताई, लेकाला आधी एक गोष्ट विचारा: 'ओव्हरड्राफ्ट कव्हरेज'ला त्याने कधी होकार दिला होता का? २०१० पासून नियम असा आहे की एटीएममधून किंवा कार्डाने एकदाच केलेल्या खरेदीसाठी तुमचा स्पष्ट होकार नसेल तर बँक ओव्हरड्राफ्टचं शुल्क लावू शकत नाही, व्यवहार नाकारायचा. पण गोम पुढे आहे. दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी, चेक, खात्यातून थेट वळती होणारी बिलं, यांना हे संरक्षण नाही. तुमचे ते १४.९९ नेमके या फटीतून गेले. दुकानात कार्ड घासलं असतं तर बहुधा नुसतं नाकारलं गेलं असतं.

मोठ्या बँकांसाठी ओव्हरड्राफ्ट पाच डॉलरवर आणणारा नियम डिसेंबर २०२४ मध्ये झाला होता. तो लागू व्हायच्या आधीच २०२५ च्या मे महिन्यात काँग्रेस (इथली संसद) आणि अध्यक्षांनी मिळून तो रद्द केला. त्यामुळे तिकडून कोणी वाचवायला येईल ही आशा सोडा.

आता पतसंस्था. तुमच्या बाबांचं झालं ते वाईटच, पण त्यामागचं कारण नीट बघा. भारतात सहकारी बँकेतल्या ठेवींना विमा असतो (२०२० पासून ५ लाखांपर्यंत), पतसंस्थेतल्या ठेवींना तो विमा नाही. लोकांना दोन्ही सारख्याच वाटतात, पाटीही सारखीच दिसते. इथे फेडरल, म्हणजे केंद्राच्या परवान्यावरचं, क्रेडिट युनियन असेल तर एनसीयूएचा (क्रेडिट युनियनवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) विमा सक्तीचा आहे: माणशी अडीच लाख डॉलर, बँकेतल्या ठेवींच्या सरकारी विम्याइतकाच (एफडीआयसी). जोडखात्यात दोघांचे अडीच-अडीच. त्यामागे केंद्र सरकारची पूर्ण हमी.

पण डोळे मिटून जाऊ नका. राज्याच्या परवान्यावर चालणाऱ्या काहींचा विमा खासगी असतो. ऱ्होड आयलंडमध्ये असाच एक खासगी विमा फंड कोसळला आणि १ जानेवारी १९९१ ला, नवे गव्हर्नर शपथ घेऊन खुर्चीत बसले त्याच दिवशी, त्यांनी ४५ क्रेडिट युनियन आणि छोट्या बँकांना कुलूप लावलं. लोक थंडीत दारासमोर उभे होते. तुमच्या बाबांसारखेच, फक्त हातात पासबुकाची पिशवी वेगळी. म्हणून काउंटरवर एनसीयूएची पाटी बघा आणि घरी येऊन त्यांच्या साइटवर नाव शोधा. दोन मिनिटांचं काम.

एक गंमत सांगतो, विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. १९०७ मध्ये एडवर्ड फायलीन नावाचा बॉस्टनचा बडा दुकानदार हिंदुस्थानात फिरायला गेला होता. बंगालमध्ये त्याने सहकारी पतसंस्था पाहिल्या, १९०४ च्या कायद्याने नुकत्याच सुरू झालेल्या, सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायला. ते त्याच्या डोक्यात बसलं. १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने क्रेडिट युनियनचा कायदा केला, त्यामागे तो होता. १९३४ ला देशभराचा कायदा झाला. त्याआधी १९०८ मध्ये न्यू हॅम्पशरच्या मँचेस्टर गावात फ्रेंच बोलणाऱ्या गिरणी कामगारांनी पहिलं क्रेडिट युनियन काढलं होतं, क्युबेकच्या देजार्दँ नावाच्या माणसाच्या मदतीने. म्हणजे तुमच्या तळघरातल्या त्या दुकानाचं एक मूळ आपल्याकडे आहे. आपल्याकडचं वाळवीने खाल्लं, इथे त्याला विम्याचं कुंपण घातलं, एवढाच फरक.

मी १९९६ पासून एका क्रेडिट युनियनमध्ये आहे. गाडीचं कर्ज दोनदा तिथूनच. फेडरल क्रेडिट युनियनला कर्जावर साधारणपणे १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, क्रेडिट कार्डावरसुद्धा. आजकाल मोठ्या बँकांच्या कार्डांचे दर बघा आणि मग हा आकडा बघा.

---

खडूस कोल्हा

जुन्या खातेदारांनी आरती छान म्हटली. आता मी थोडं पाणी ओततो.

क्रेडिट युनियन नफ्यासाठी नसतं म्हणजे फुकट असतं असं नाही. माझ्या क्रेडिट युनियनने मला २९ डॉलर ओव्हरड्राफ्ट लावला होता, तोही असाच एका वर्गणीवर. बऱ्याच ठिकाणी खातं वर्षभर न हलवल्याबद्दल शुल्क आहे. ताईंचं लेकाचं खातं तिथे पडून असतं तर तिथेही कुरतडलं गेलंच असतं, फक्त जरा हळू. त्यामुळे नर्सबाई काय म्हणतात ते सोडा, शुल्कपत्रक मागा. एक-दोन पानांचं असतं, त्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं.

भारतात पैसे पाठवायला मात्र छोटं क्रेडिट युनियन म्हणजे डोकेदुखी. बहुतेकांकडे स्वतःचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड) नसतो, वायर (बँकेतून थेट पाठवलेली रक्कम) दुसऱ्या बँकेमार्फत जाते, मधला प्रत्येक जण हात मारतो. मी वायरच्या भानगडीत पडत नाही, पैसे पाठवण्याचं ॲप क्रेडिट युनियनच्या खात्याला जोडलंय. जोडताना दोन दिवस लागले, मग कधी अडलं नाही. झेल (फोनवरून एका खात्यातून दुसऱ्यात लगेच पैसे पाठवायची इथली सोय) सगळीकडे नसतं, तेही आधी विचारा.

आणि त्यांचं मोबाइल ॲप. २०११ मध्ये झोपलेलं आहे, अजून उठायचंय. चेकचा फोटो तीनदा काढावा लागतो.

तरी मी तिथेच आहे, हेही सांगून टाकतो. फोन केला की माणूस उचलतो.

---

जुना खातेदार

कोल्होबा, ॲपबद्दल शंभर टक्के सहमत. एटीएमची काळजी मात्र कमी आहे: बरीच क्रेडिट युनियन एकमेकांच्या जाळ्यात आहेत, सुमारे ३० हजार एटीएम बिनशुल्क वापरता येतात. काही ठिकाणी दुसऱ्या क्रेडिट युनियनच्या शाखेत जाऊनही आपल्या खात्यात पैसे भरता येतात. मी फ्लोरिडात असताना भरलेत.

---

गल्ल्यावरची

ओसरीवरच्या ताई, मी एका बँकेत सहा वर्षं काउंटरवर होते, आता नाही. त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिते.

शुल्क का वाढतं ते विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण त्यातूनच उत्तर निघतं. तुम्ही कार्ड घासता तेव्हा दुकानदार जे शुल्क देतो त्याचा वाटा तुमच्या बँकेला मिळतो. त्यावरच फुकट चेकिंग चालायचं. २०११ च्या ऑक्टोबरपासून १० अब्ज डॉलरपेक्षा मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डावर हा वाटा साधारण २१ सेंट आणि वर रकमेच्या ०.०५ टक्के एवढाच ठेवला गेला. मग गेलेले पैसे खातेदाराच्या खिशातून काढायला सुरुवात झाली. त्याच सुमाराला एका मोठ्या बँकेने डेबिट कार्डाला महिना पाच डॉलर लावतो म्हणून जाहीर केलं, केवढा गहजब झाला. ५ नोव्हेंबर हा दिवस ठरवून लोकांनी खाती क्रेडिट युनियनमध्ये हलवली. बँकेने त्याआधीच माघार घेतली होती. पण महिन्याचं शुल्क आणि त्याच्या अटी, हे हळूच आलं आणि राहिलं. ती कार्डावरची मर्यादा छोट्या संस्थांना नाही, आणि बहुतेक क्रेडिट युनियन छोटीच. शिवाय त्यांना केंद्राचा आयकर नाही आणि वाटायला भागधारक वेगळे नाहीत. म्हणून त्यांना फुकट चेकिंग अजून परवडतं. चांगुलपणाचा संबंध कमी, हिशोबाचा जास्त.

आता कामाचं. बँक बदलताना लोक कुठे पाय घसरतात ते मी रोज बघत होते.

जुनं खातं रागाच्या भरात लगेच बंद करू नका. आधी नवं उघडा. पगार तिकडे वळवा, एक पगार जमा झालेला डोळ्याने बघा. मग जुन्या खात्याची पूर्ण बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढून बसा. तीन महिन्यांची पुरत नाहीत, कारण वर्षातून एकदाच कापली जाणारी बिलं त्यात दिसत नाहीत. एक आजोबा यायचे, त्यांचा घराचा विमा वर्षातून एकदा कापला जायचा. खातं बंद केलं, हप्ता परत गेला, विमा रद्द झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांना कळलं.

आणि हे विशेषतः लेकाच्या खात्यासाठी: नुसतं शून्यावर आणून सोडू नका! शून्य बाकी म्हणजे बंद खातं नव्हे. पुढच्या महिन्याच्या १२ डॉलरने ते पुन्हा उणे जाईल. बंद केल्याचं लेखी मागा. त्याआधी ते गाण्यांचं ॲप दुसऱ्या कार्डावर न्या, कारण बंद खात्यावर उशिरा एखादी वजावट आली तर काही बँका खातं परत उघडून ती भागवतात आणि वर शुल्क लावतात. आम्ही त्याला भूत म्हणायचो.

जोडखातं आहे ना? मग उणे बाकी तुमच्याही नावावर. ती भरली नाही तर चेक्ससिस्टम्स नावाच्या यादीत नाव जातं आणि पाच वर्षं राहतं. क्रेडिट युनियनही खातं उघडताना तीच यादी बघतात. तुम्ही ७.३९ भरलेत ते फार शहाणपणाचं केलंत, तत्त्वासाठी अडून बसणारे मी खूप पाहिलेत.

---

टिंबटिंब

बाकीच्या ३६ साठीही भांडा. शाखेत जाऊन, फोनवर नाही. माझे मिळाले.

---

ओसरीवरची

मंडळी, दहा दिवसांनी येतेय, रागावू नका. सगळ्यांचे मनापासून आभार.

गल्ल्यावरच्या ताईंचं वाचून त्याच रात्री लेकाला उठवलं. त्याने ॲपचं कार्ड बदललं, मी दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन खातं बंद केलं आणि लेखी घेतलं. टिंबटिंब, ३६ मागितले. २४ मिळाले. मॅनेजरबाई म्हणाल्या एवढंच माझ्या हातात आहे. त्यांचा चेहरा बघून मला त्यांचीच दया आली, त्या दिवशी माझ्या आधीही कोणीतरी ओरडून गेलं होतं.

मग तळघर. शिफ्ट संपल्यावर गेले. खोली आमच्या रक्त घ्यायच्या खोलीपेक्षा थोडी मोठी, दोन खिडक्या, एक बंद. एनसीयूएची पाटी काचेवर चिकटवलेली, कोपरा जरा सुटलेला. मी उभ्या उभ्या फोनवर नाव शोधलं, काउंटरवरची मुलगी बघत होती. म्हणाली, बरं करताय, कोणीच बघत नाही. शुल्कपत्रक मागितलं तर तिने दिलं, एकाच कागदावर पाठपोट. कोल्होबा, तुमचं खरं आहे: ओव्हरड्राफ्ट २५ आहे, आणि खातं वर्षभर पडून राहिलं तर महिन्याला ५. पण विचारलं म्हणून कळलं की बचत खात्यातून आपोआप पैसे ओढून घ्यायची सोय जोडली तर तो ओव्हरड्राफ्ट लागत नाही. जोडली. झेल नाही. वायर वरच्या कुठल्यातरी बँकेतून, ४५ डॉलर. ते मी तुमच्यासारखं ॲपनेच करीन.

पाच डॉलर भरले. ते शुल्क नाही, माझा भाग आहे, सोडून जाताना परत मिळणार. अर्जासोबत एक पत्रक मिळालं, संचालक मंडळाच्या निवडणुकीचं. एका सभासदाला एक मत, ठेव कितीही असो. संचालक बिनपगारी. नावं वाचताना एक ओळखीचं निघालं: तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्स, माझ्या पहिल्या वर्षी त्यांनीच मला लहान मुलांची शीर कशी शोधायची ते शिकवलं होतं. आणि लगेच तो पोटातला गोळा. ओळखीचे संचालक!

संध्याकाळी बाबांना व्हॉट्सॲपवर फोन केला. सगळं सांगितलं, विम्याचं दोनदा सांगितलं. बंगालचं सांगितलं तेव्हा हसले. मग विचारलं, "संचालकांना कर्ज मिळतं का तिथे?" मी म्हटलं विचारते. दुसऱ्या दिवशी विचारलं. मिळतं, पण इतर सभासदांपेक्षा सवलतीत देता येत नाही. हे कळवलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पासबुक देतात का?"

नाही म्हटलं. सगळं फोनवरच दिसतं.

"मग दर महिन्याला छापून ठेव."

पहिलं छापलंय. बाकी ५.०० डॉलर. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय.